चवड्याखालचा खडा

माझ्या उजव्या बुटात खडा आहे, हे मला प्रथम कळलं ते एका सोमवारी सकाळी अकरा वाजता, काउंटरसमोर पेन्शनरांची रांग लागलेली असताना. आता बँकेतल्या माणसानं अशा वेळी बूट काढायचा म्हणजे कसा काढायचा? ग्राहकासमोर चष्मा काढता येतो, साहेब रजेवर असतील तर राग काढता येतो, पण बूट काढता येत नाही. तरी मी टेबलाखाली पायानंच पाय सोडवला, बूट उचलला आणि केराच्या टोपलीवर उलटा धरला. काही पडलं नाही. आपटला. काही पडलं नाही. आत हात घालून चाचपलं. बूट आमच्या शाखेच्या सूचनापेटीसारखा रिकामा होता. मान वर केली, तर काचेपलीकडून एक निवृत्त मास्तर माझ्याकडे बघत होते.

"आमचं व्याज तिथं ठेवता होय?" ते म्हणाले.

त्या आठवड्यात मी तो बूट निदान वीस वेळा झटकला असेन. मोजा उलटा केला, बदलला, शेवटी बूटही बदलला. खडा जुन्या बुटातून नव्या बुटात माझ्याबरोबर बदली होऊन आला. पायात बूट चढवला आणि शंभर पावलं टाकली की मधलं बोट आणि करंगळीच्या शेजारचं बोट यांच्या मुळाशी तो टोचायला लागे. मग जळजळ, मग दोन्ही बोटांत मुंग्या. बूट काढून चवडा चोळला की सगळं शांत. मी कॉमर्सचा पदवीधर. माझ्या दृष्टीनं हा प्रकार भयंकर होता: रक्कम रोज खर्ची पडत होती आणि व्हाउचर सापडत नव्हतं.

आता चवडा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हा शब्द आपण फक्त वरच्या फळीवरचा डबा काढताना वापरतो. पायाच्या तळव्याची मागची बाजू टाच, पुढची बाजू चवडा. टाचदुखीला समाजात मान आहे. टाच दुखते म्हटलं की चार माणसं खुर्ची पुढे करतात आणि त्यांतली दोन स्वतःची टाच सांगायला बसतात. चवडा दुखतो म्हटलं की विचारतात, "म्हणजे नक्की कुठं?" आपण दाखवलं की म्हणतात, "काही दिसत तर नाही."

घरी मी हा विषय काढला तेव्हा आमची ही भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "कुरूप असेल."

लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर हे ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण ती पायाच्या कुरूपाबद्दल बोलत होती. बॅटरी आणून पाहिलं. कुरूप नव्हतं, घट्टा नव्हता, काटा नव्हता.

मग आईनं निकाल दिला, "मिठाचं गरम पाणी. मीही बसते तुझ्याबरोबर." एकाच पातेल्यातलं पाणी दोन घमेल्यांत ओतलं गेलं आणि मायलेक शेजारी शेजारी पाय सोडून बसलो. म्हणजे आई बसली. मी पाय घातला आणि ओरडत उभा राहिलो.

"अगं, कढत आहे!"

"कढत कसलं? कोमट तर आहे," आई म्हणाली आणि तिनं दोन्ही पाय घोट्यापर्यंत बुडवले. "तुम्हाला काही सोसतच नाही."

मुलगी खो खो हसली. "बाबा, आजीकडून शिका जरा!" आमची पिढी नाजूक आहे, हे मी त्या दिवशी सर्वांसमक्ष कबूल केलं. आई पुढे म्हणाली, "मलाही होतं रे असंच. आठवतं ना, पायाखाली हरभरा आल्यासारखं? बरीच वर्षं होतं. आता गेलं आपोआप."

आठवत होतं. आई ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "पायाखाली हरभरा आला वाटतं." वडील पेपरातून मान काढून फरशीकडे बघायचे आणि म्हणायचे, "काही नाहीये." आम्ही भावंडं त्याला आईचा हरभरा म्हणायचो. पाहुणे आले की आई नसताना त्यांना सांगून हसवायचोही. तो हरभरा कुणी डॉक्टरला दाखवला नाही. नसलेली वस्तू दाखवणार कशी?

माझा खडा मात्र मी दाखवला. डॉक्टरांनी एका हातानं माझा चवडा दोन्ही बाजूंनी लिंबासारखा दाबला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालून रेटा दिला. आत कुठेतरी 'टक्' झालं. मी किंचाळलो. डॉक्टर प्रसन्न झाले.

"मॉर्टन्स न्यूरोमा," ते म्हणाले.

"मॉर्टन कोण?"

"तुम्हाला दुखणं बरं करायचंय की मॉर्टनला भेटायचंय?"

खरं सांगायचं तर दोन्ही. आम्ही बँकेतली माणसं. नाव, पत्ता, ओळखीचा पुरावा आणि सहीचा नमुना पाहिल्याशिवाय आम्ही कुणाला खातं उघडू देत नाही. आणि हा परका गृहस्थ तर माझ्या पायात स्वतःच्या नावानं खातं उघडून बसला होता. मी चौकशी सुरू केली. संध्याकाळी ग्रंथालयात, रात्री मुलीच्या संगणकावर. आणि वाचकहो, त्या खात्यात जो घोळ निघाला तो पाहून कुठल्याही ऑडिटरला घाम फुटावा.

हे मॉर्टन म्हणजे थॉमस जॉर्ज मॉर्टन, अमेरिकेत फिलाडेल्फियाचे शल्यविशारद. १८७६ साली त्यांनी या चमत्कारिक दुखण्यावर लेख लिहिला. त्यांचा रोख होता चौथ्या बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर. तिथं हाडांच्या मध्ये नस चिमटली जाते, असं त्यांचं म्हणणं. उपाय म्हणून ते तो सांधाच काढून टाकत. वहीत एक आकडा चुकला म्हणून पानच फाडण्यासारखं हे झालं; पण माणूस प्रामाणिक होता, आणि त्यानं रोग्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला, ही मोठी गोष्ट.

पण मॉर्टन पहिले नव्हतेच! त्यांच्या आधी ३१ वर्षं, १८४५ साली, लंडनच्या लुइस डुर्लाखर यांनी हेच दुखणं पुस्तकात लिहून ठेवलं होतं. हे डुर्लाखर राणी व्हिक्टोरियाच्या पायांची देखभाल करणारे, म्हणजे कुरपं, भोवऱ्या आणि नखं पाहणारे. त्यांनी हे दुखणं नसेचं आहे, हेही बरोबर सांगितलं होतं. त्यांच्याही आधी दहा वर्षं, १८३५ साली, इटलीतल्या फिलिप्पो चिविनिनी या शरीरशास्त्रज्ञाला मृतदेहाचा पाय तपासताना नेमकी त्याच जागी नसेवर आलेली गाठ दिसली होती. म्हणजे गाठ पाहिली एकानं, दुखणं ओळखलं दुसऱ्यानं, आणि पासबुकावर नाव छापलं गेलं तिसऱ्याचं. राणीच्या पायाची कुरपं काढणाऱ्याचं म्हणणं मोठे डॉक्टर कशाला वाचतील? आमच्याकडेही हिशेबातली चूक आधी शिपायाच्याच लक्षात येते.

बरं, नावाचा दुसरा अर्धा भाग तरी खरा असावा! 'न्यूरोमा' म्हणजे नसेची गाठ, एक प्रकारचा ट्यूमर. हे ऐकून मी दोन रात्री झोपलो नाही; विम्याचे कागद काढून वाचले. पण हा ट्यूमर नसतोच. चवड्यातल्या दोन हाडांमधून जाणारी नस वर्षानुवर्षं दाबली, ताणली आणि घासली गेली की तिच्याभोवती जाड, चिवट आवरण धरतं, एवढंच. हाताला घट्टा पडतो, तसा तो नसेला पडतो म्हणा. सगळा दोष नसेचा आहे, सांध्याचा नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या बेट्स यांनी १९४० साली ठामपणे मांडलं. आणि डॉक्टरांनी माझ्या पायात वाजवलेला 'टक्' हा मुल्डर नावाच्या डॉक्टरांनी १९५१ साली सांगितलेला. थोडक्यात, मॉर्टन्स न्यूरोमा मॉर्टनचा नाही आणि न्यूरोमाही नाही. तरी दुखतो.

चवड्यातल्या दुसऱ्या एका दुखण्याचा इतिहास वाचून तर मला आमच्या कचेरीची आठवण झाली. त्याचं नाव 'मार्च फ्रॅक्चर'. बँकेतल्या कुणालाही हे नाव समजावून सांगावं लागणार नाही. एकतीस मार्चला आमच्याकडे मान, कंबर आणि संसार या तिन्ही ठिकाणी फ्रॅक्चर होतं. पण हा मार्च म्हणजे सैनिकांची कूच. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरांनी लिहिलं की लांब कूच केलेल्या जवानांचे चवडे सुजतात आणि दुखतात. कारण कळेना. वरून बघितलं तर जखम नाही, कुणी पडलेलं नाही, मार लागलेला नाही. १८९५ साली राँटगेननं क्ष-किरण शोधून काढले आणि १८९७ साली श्टेशो या जर्मन डॉक्टरांनी अशा पायांचे फोटो काढले. पाहतात तो काय, चवड्यातली हाडं चक्क मोडलेली! चालून चालून, पावलागणिक थोडी थोडी. ४२ वर्षं ते जवान सांगत होते की दुखतंय, आणि हाड मोडलंय हे कुणाला दिसत नव्हतं.

मी फुशारकीनं डॉक्टरांना म्हटलं, "मग माझाही फोटो काढा." ते म्हणाले, "काढू, हाड ठीक आहे ना ते बघायला. नस त्यात दिसत नाही. ती पाहायची तर सोनोग्राफी किंवा एमआरआय." म्हणजे दिसण्याचा तोच प्रश्न, शंभर वर्षांनंतरही.

मॉर्टन प्रकरण मिटलं असं वाटत असतानाच दुसरे मॉर्टन निघाले. हे डडली मॉर्टन. पहिल्यांचे कुणी नव्हेत, पण पायवालेच. एकाच नावाची दोन खाती म्हणजे काय मनस्ताप असतो ते आम्हाला विचारा. एकाचा पगार दुसऱ्याच्या खात्यात जातो आणि दुसरा तो खर्चून मोकळा होतो. या दुसऱ्या मॉर्टननी १९३५ साली 'द ह्यूमन फूट' हे पुस्तक काढलं. त्यांनी उभ्या माणसाच्या चवड्यावरचा भार मोजला आणि त्याचे सहा वाटे असतात असं मांडलं: अंगठ्यामागच्या जाड हाडाला दोन, बाकी चार हाडांना एकेक. अंगठ्यामागचं हाड आखूड असलं की आपला वाटा ते नीट उचलत नाही आणि तो शेजारच्या हाडावर पडतो. हे वाचून मी आमच्या शाखेकडे नव्या नजरेनं पाहिलं. पाच टेबलं. दोन वाटे ज्यानं उचलायचे तो वरचा साहेब आखूड पडला की शेजारच्या टेबलाला घट्टे पडतात. पुढच्या काळात नवी यंत्रं आली आणि चालताना दुसऱ्या-तिसऱ्या हाडाखाली सर्वांत जास्त दाब येतो असं दिसलं. म्हणजे चवड्यातसुद्धा काम मधल्या फळीवरच येतं.

आता प्रश्न उरतो की ही हाडं एकमेकांवर दाबतं कोण? उत्तर शोधायला लांब जायला नको. आपण पैसे मोजून विकत आणतो ते. टोकदार बूट. माणसाचा पाय पुढे रुंद होत जातो आणि बूट पुढे निमुळता होत जातो, हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही? युरोपात मध्ययुगात जोड्यांची टोकं इतकी लांबली की इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डच्या राज्यात १४६३ साली कायदा करावा लागला: उमरावांहून खालच्या कुणी दोन इंचांपेक्षा लांब टोकाचा जोडा घालू नये. टोकं म्हणजे प्रतिष्ठा, आणि प्रतिष्ठा म्हणजे दुखणं, हे उघड आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ साली तिथले जुने सांगाडे तपासून प्रसिद्ध केलं की अकराव्या ते तेराव्या शतकातल्या लोकांत अंगठा आत वळलेले ६ टक्के होते, तर चौदाव्या-पंधराव्या शतकात, म्हणजे टोकदार जोड्यांच्या काळात, २७ टक्के. फॅशन विरून गेली. व्याज हाडांत जमा राहिलं.

पुढे तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिकडे डावा-उजवा असा भेद न करताच जोडे शिवत. पेट्रस काम्पर नावाचे थोर डच शरीरशास्त्रज्ञ. त्यांनी १७८१ साली चांगला जोडा कसा असावा यावर एक पुस्तिका लिहिली. सांगतात की शहाण्या माणसाच्या हाती कितीही क्षुल्लक विषय दिला तरी तो रंजक होतो, अशी पैज त्यांनी विद्यार्थ्यांशी लावली होती आणि त्यातून ती झाली. मी ही पैज जिंकण्याइतका शहाणा नाही हे आतापर्यंत तुमच्या ध्यानात आलंच असेल. पण एक प्रयोग मी केला. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं त्याची कड काढली आणि त्या चित्रावर माझा ऑफिसचा बूट ठेवला. चित्र दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर आलं. वीस वर्षं मी हा पाय त्या बुटात कोंबत होतो आणि वर खडा शोधत होतो!

उपाय म्हणाल तर डॉक्टरांनी सांगितलेले अगदीच साधे निघाले. पुढून रुंद, मऊ तळाचा, टाच न उंचावलेला बूट. (उंच टाचेनं सगळा भार पुढे सरकतो, हा त्रास बायकांत अधिक दिसतो, त्याचं एक कारण हेच मानतात.) बुटात एक लहानशी गादी. ती दुखऱ्या जागेखाली ठेवायची नाही, तिच्या किंचित मागे. मागे ठेवली की हाडं उचलली जाऊन फाकतात आणि नसेला श्वास मिळतो. मी शहाणपणानं पहिले चार दिवस ती बरोबर दुखऱ्या जागीच ठेवली आणि एका खड्याचे दोन केले. पोटऱ्या ताणायचा व्यायाम. दुखेल तेव्हा बर्फ. एवढ्यानं नाही भागलं तर इंजेक्शन, आणि अगदी शेवटी ऑपरेशन. त्यात ती नस काढली की त्या दोन बोटांच्या मध्ये कायमचा बधिरपणा राहतो.

बधिरपणा हा शब्द मला तेव्हा बरा वाटला होता. न दुखणं, आणखी काय हवं?

पायाचा इतिहास वाचत माणूस फिलाडेल्फियाहून निघाला की केव्हातरी आपल्या वेल्लोरला येतोच. तिथं १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड आले. हे तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं सडून झडतात, असा तोवर समज होता. ब्रँड यांनी बारकाईनं पाहिलं आणि सांगितलं, मांस सडत नाही. नसा गेल्यामुळे दुखणं कळत नाही. माणूस तापलेलं भांडं धरून ठेवतो, खिळा टोचला तरी चालत राहतो, आणि त्या जखमाच पाय खातात. पायाच्या अशा जखमा फार करून चवड्याखाली होतात, कारण तिथं दाब जास्त. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मऊ रबराच्या चपला बनवल्या. १९९३ साली त्यांनी फिलिप यान्सी यांच्याबरोबर दुखण्यावर पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ, 'कुणालाच नको असलेली भेट'. ही शिकवण पुढे मधुमेहाच्या रोग्यांनाही लागू पडली, कारण साखरेनंही पायाच्या नसा अशाच मुक्या होतात.

मी ग्रंथालयात बसून हे वाचत होतो. 'तापलेलं भांडं' इथं माझी नजर अडकली. कढत पाणी. कोमट कसलं? आईला बारा वर्षं साखर आहे. आणि हरभरा 'आपोआप' गेला.

पुस्तक तसंच टेबलावर टाकून मी घरी आलो. आई देवळातून नुकतीच येऊन बसली होती. दारात तिच्या चपला होत्या. मी त्या उचलल्या आणि, इतक्या महिन्यांची सवय, उलट्या करून झटकल्या. डावीतून काही पडलं नाही. पण बोट फिरवलं तर लागला. चवड्याच्या जागी रबरात रुतून बसलेला एक खडा. खरा. तुरीच्या डाळीएवढा. आईचा पाय मांडीवर घेऊन पाहिला, तर तिथंच लालसर खळगा पडला होता, कातडी अजून फाटायची होती.

"टोचलं नाही तुला?"

"काय?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. नायलॉनचा एक बारीक तंतू त्यांनी तळव्याला एकेका जागी टेकवला. "लागलं की हो म्हणा, आजी." अंगठ्यापाशी, चवड्यावर, करंगळीखाली त्यांनी तो टेकवला. मी बघत होतो. बऱ्याच वेळानं आई डोळे मिटूनच म्हणाली, "अहो, सुरू कधी करणार?"

आता आमच्या घरी काही नियम आहेत. आईनं घरातही अनवाणी चालायचं नाही. चपला रुंद, मऊ, मागून पट्टा असलेल्या. घालण्याआधी आत हात फिरवायचा. पाणी आधी दुसऱ्या कुणीतरी हातानं पाहायचं, आणि गरम पाण्यात पाय सोडून बसणं कायमचं बंद. रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात बघायचे. हे काम माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी आई संकोचली होती. आता जेवण झालं की स्वतःच पाय पुढे करते.

परवा मी तिला म्हटलं, "आई, तो तुझा हरभरा खरा होता."

"मग मी काय म्हणत होते?" आई म्हणाली. "तुम्ही फरशीवर शोधत होतात."

माझा खडा नव्या बुटानं पुष्कळ कमी झाला आहे. अगदी गेलेला नाही. फार चाललो की अजून हजेरी लावतो. पूर्वी मी त्याला शिव्या द्यायचो. आता तो टोचला की मी जागच्या जागी थांबतो, पाय जरा मोकळा करतो, आणि नोंद मिळाली म्हणून सही करतो.